‘आईची प्रकृती ठीक’ असं मी चार वेळा लिहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ एप्रिल हा राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिवस. कस्तुरबांच्या जयंतीचा हा दिवस २००३ पासून पाळला जातो. त्या सुमारास तुमच्या पुरवणीत गरोदरपणातल्या आहाराचा तक्ता येतो, कुठल्या महिन्यात कोणती तपासणी ते येतं. मी ते सगळं वाचते. पस्तीस वर्षं अकोले तालुक्यात आरोग्यसेविका होते, २०१८ साली निवृत्त झाले, पण असलं काही दिसलं की चष्मा आपोआप नाकावर चढतो. यंदाही वाचलं. तक्ता नेहमीप्रमाणे नवव्या महिन्यात संपला. बाळ बाहेर आलं, की पुढं डिंकाच्या लाडवांची कृती. लाडू चांगलेच असतात, माझं त्यांच्याशी वैर नाही. पण बाळंतिणीबद्दल, तिच्या मनाबद्दल, सांगण्यासारखं तेवढंच उरतं का, एवढं विचारायला हे पत्र.

आधी जे झालंय ते कबूल करते. मी १९८३ साली रुजू झाले तेव्हा माझ्या उपकेंद्राखालच्या वाड्यांवर बहुतेक बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातून व्हायची. आम्ही सुईणींना साबण, दोरा आणि कोरं ब्लेड द्यायचो आणि विळ्यानं नाळ कापू नका म्हणून विनवण्या करायचो. रात्री अडलेली बाई डोलीतून खाली रस्त्यापर्यंत आणायची, मग जीपची वाट बघायची. पुढं २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव ‘आशा’ स्वयंसेविका आल्या, नंतर १०८ ची गाडीही आली. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, नेणं-आणणं सगळं फुकट झालं. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात लाख जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. त्यात आपलाही चिमूटभर हात लागलाय, असं मी नातवाला अधूनमधून ऐकवते. तो ऐकत नाही.

बाई दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे बेचाळीस दिवस मोजायला आम्हाला गडचिरोलीनं शिकवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. त्या घरोघर जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. तिथं नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ मध्ये देशभरच्या आशांच्या कामात घरभेटी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशी आणखी एक. सगळ्या भेटी झाल्या, वजन, लस आणि जन्मनोंद झाली, आई-बाळ सुखरूप असल्याची नोंद झाली, की आशाताईला २५० रुपये. सहा खेपांचे. डोंगरावरच्या वाडीला एक खेप म्हणजे अर्धा दिवस जातो, हिशेब तुम्हीच करा.

या भेटींचा फॉर्म मी आशांना कितीतरी वेळा शिकवला आहे, अजून तोंडपाठ आहे. बाळाबद्दल खूप विचारलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. दूध ओढतं का, हातपाय ढिले पडलेत का, डोळे पिवळे आहेत का, नाळेला पू आहे का. आईबद्दल विचारायचं ते असं: दिवसातून किती वेळा पोटभर जेवली, अंगावरून जातं त्यासाठी कापडाच्या किती घड्या बदलल्या, ताप आहे का, अंगावरून घाण वास येणारं जातं का, दूध उतरलं का, स्तनाग्राला चिरा पडल्यात का. आणि मनाबद्दल म्हणाल तर एकच ओळ. असंबद्ध बोलते का किंवा झटके येतात का.

जी बोलतच नाही तिच्यासाठी त्या फॉर्मवर जागा नाही.

हे मला फॉर्म शिकवताना सुचलं असतं तर मी शहाणी ठरले असते. तसं झालं नाही. १९९६ च्या पावसाळ्यात एका वाडीवर पहिलटकरीण बाळंत झाली होती. तेव्हा हा फॉर्म नव्हता, आमचं साधं रजिस्टर असायचं. मी त्या घरी चार वेळा गेले. बाजेखाली शेगडी, कोपऱ्यात बाळंतकाढ्याचं भांडं, सासू भली बाई. सटवाई पुजून झालेली. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. मी ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. सासू म्हणाली, बाई, हिला बाहेरचं झालंय, पोराला घ्यायलाच बघत नाही. मी सासूलाच दम दिला, असल्या अंधश्रद्धा बाळगू नका म्हणून. केवढं बरं वाटलं होतं दम देताना! आणि रजिस्टरला चारही वेळा लिहिलं, ‘आईची प्रकृती ठीक’. ती पोरगी पुढं माहेरी गेली ती परत नांदायला आली नाही. बाळ आजीनं शेळीच्या दुधावर वाढवलं. सासूचं कारण चुकीचं होतं. पण तिला काहीतरी दिसलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

आता माझ्या घरचं सांगते. मुलीची परवानगी घेऊनच.

२०१९ साली ती पुण्यात बाळंत झाली. सिझेरियन, चांगलं खासगी रुग्णालय, चौथ्या दिवशी घरी. मी महिनाभर आधीच जाऊन राहिले होते. जावई समजूतदार आहे, बाळाचे लंगोट तोच धुवायचा. कशाची म्हणून कमी नव्हती. मुलगी मोबाइलला गजर लावून दर दोन तासांनी बाळाला पाजायची. एक वेळ चुकवली नाही. बारशाला नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाली, तुम्ही ठरवाल ते. लहानपणी बाहुलीच्या नावावरून आठवडाभर भांडणारी ही पोरगी! माझ्या डोक्यात काही घंटा वाजली नाही. पहाटे चार वाजता एकदा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर ती अंधारात ओट्याजवळच्या स्टुलावर नुसती बसलेली. म्हणाली, “आई, हे बाळ दुसऱ्या कुणाकडं असतं तर बरं झालं असतं. मला जमत नाही गं.” मी काय म्हणाले असेन? “सगळ्यांनाच सुरुवातीला असं होतं. झोप जा. सकाळी अळिवाची खीर करते.” पस्तीस वर्षांची नोकरी आणि माझ्याकडून निघालं काय, तर अळीव.

ओळखलं ते मालिशवाल्या मावशींनी. दांडेकर पुलाकडून यायच्या, दोन बाळंतिणी उरकून तिसरी आमची. एक दिवस बाळाला धुरी देता देता मला बाहेर बोलावून म्हणाल्या, “ताई, पोरगी बाळाच्या डोळ्यात बघत नाही. पाजतीया, पण बघत नाही. माझ्या धाकट्या जावंचं असंच झालं हुतं, आमी तिला आळशी म्हणायचो. तुमी डॉक्टरला दाखवा.” मग दाखवलं. ज्या रुग्णालयात बाळंतपण झालं तिथं टाके बघून ‘छान’ म्हणाले आणि पुढची तारीख बाळाच्या लसीची दिली. मानसोपचारतज्ज्ञ आम्हीच शोधले. बाळाला पाजत असतानाही चालतील अशा गोळ्या आणि दर आठवड्याला बोलणं. पाच महिने लागले.

तेव्हा एक गोष्ट फार खटकली. अकोले तालुक्याच्या डोंगरात बाळंत झालेल्या बाईच्या दारात कुणीतरी सहा वेळा जातं. काय विचारायचं ते अपुरं असेल, पण जातं तरी. माझ्या मुलीच्या दारात सहाव्या मजल्यावर कुणी येणार नव्हतं, मालिशवाल्या मावशी सोडून. आणि त्यांना आपण काय समजतो? तासाचे पैसे देऊन तेल चोळायला ठेवलेली बाई.

लोक म्हणतात, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. माझी थोरली जाऊही म्हणते. असलं काही होतं, बाई. त्याला आपण ‘वारं लागलं’, ‘नखरे करते’, ‘हिला मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसली’ असं म्हणायचो. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे छापून येईपर्यंत खेड्यातल्या बायकांना असले आजार फारसे नसतातच, असं समजणारे डॉक्टर मी स्वतः पाहिले आहेत. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मनाचं विचारलं ते आपल्या शेजारी, गोव्यात. म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. पैशाची ओढ, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी होणं, या तिन्हींनी ते वाढत होतं. चारातली जवळजवळ एक! पुढं गोव्याच्याच ‘संगत’ संस्थेनं उपायही करून पाहिला. वस्तीतल्या साध्या बायकांना, ज्यांना स्वतःला मुलं होती, शिकवून ‘सखी’ म्हणून पाठवलं. गरोदरपणातच नैराश्यात असलेल्या २८० बायका त्यात होत्या. सखी घरी जायची, बोलायची, बाळाशी खेळायला लावायची, घरच्यांना सोबत घ्यायची. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा सखी मिळालेल्या बायकांत बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त दिसलं. हे वाचलं तेव्हा मला दांडेकर पुलाच्या मावशी आठवल्या. आणि जामखेडही. आमच्याच जिल्ह्यात आरोळे पति-पत्नींनी १९७० पासून शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांकडून गावाचं आरोग्य सुधारून दाखवलं होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्हाला तिथं बघायला नेलं होतं. आम्ही पांढऱ्या साड्यांतल्या सिस्टर नाक मुरडत गेलो होतो, येताना गप्प होतो.

माझी भाची कुर्ल्याला असते. तिला गरोदरपणापासून ‘आरमान’ संस्थेचे मोबाइलवर रेकॉर्ड केलेले संदेश यायचे, आता काय खा, कोणती लस द्या. ती फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवायची, सासूबाईंनीही ऐकावं म्हणून. हुशार पोरगी. अशी सोय फार मोलाची आहे. पण तो फोन सांगतो. समोर बसून ‘तुझं कसं चाललंय’ म्हणून विचारायला माणूसच लागतं, आणि ते माणूस आपल्याकडं गावोगाव आहे. तिच्या गळ्यात ओळखपत्र आहे, हातात पिशवी आहे. फक्त तिच्या फॉर्मवर दोन ओळी नाहीत.

त्या दोन ओळी घाला, एवढंच माझं मागणं आहे. बाळ झोपलेलं असताना तुला झोप लागते का? बाळाजवळ असताना कसं वाटतं, भीती वाटते का, नकोसं वाटतं का? बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला जगभर वापरतात ती दहा प्रश्नांची एडिंबरा चाचणी १९८७ पासून आहे, पण दहाचा आग्रह मी धरत नाही. आमच्याकडं ठाकरवाडीत दहा प्रश्न विचारायला बसलात तर पाचव्याला सासू चहा ठेवायला उठते आणि सुनेला हाक मारते. दोन पुरेत, आणि विचारताना सासूला शेळी बघायला बाहेर पाठवायचं. उत्तर खटकलं तर पुढं पाठवायला जागा हवी. आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या रुग्णालयात मन जाणणारं कुणीतरी बसलं पाहिजे, नाहीतर आशाताई विचारेल आणि उत्तर हातात घेऊन उभी राहील.

आशांवर आणखी एक काम, असं म्हणाल तर ते खरं आहे. त्यांच्या पिशवीत आधीच साथरोगापासून शौचालयापर्यंत सगळं कोंबलंय, आणि पैशासाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागतं. म्हणून ओळी वाढवताना ते २५० सुद्धा वाढवा. नुसत्या ओळी वाढवल्या तर माझ्यासारखीच एखादी ‘ठीक’ लिहून मोकळी होईल. मी का लिहायचे, हे मला चांगलं ठाऊक आहे. संध्याकाळची शेवटची एसटी चुकायची.

शहरातल्या रुग्णालयांना वेगळं सांगायला नको. टाके बघायला बोलावता, तेव्हा आईला खुर्चीत बसवून दोन मिनिटं विचारा.

आणि संपादक महाराज, तुमच्याकडं एक. पुढच्या एप्रिलला लाडवांच्या कृतीखाली चौकटीत १४४१६ हा आकडा छापा. मनाच्या त्रासासाठी असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाडू काढू नका. त्यांच्याखाली छापा.

पत्र टाकण्याआधी मुलीला वाचून दाखवलं. मी आधी ‘अंधारात रडत बसलेली’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, “आई, मी रडत नव्हते. नुसती बसले होते. तसंच लिही.” म्हणून खोडून तसं लिहिलं आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
संगमनेर