भरती ऑफिसात नंतर, आधी एनसीसीच्या खोलीत

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आप्पा, मला लष्करात ऑफिसर व्हायचंय, तर पुण्यातल्या भरती ऑफिसात आत्ता जाऊ की पदवी झाल्यावर?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि माझं उत्तर राहून गेलं. म्हणून लिहायला बसलो. लिहिलेलं तुझ्याजवळ राहील.

भरती ऑफिस जवानांचं असतं. मी त्याच वाटेने आत गेलो, आता अग्निवीर जातात. ऑफिसरची निवड तिथे होत नाही. ती होते बहुतेक वाटांनी यूपीएससीच्या लेखी परीक्षेतून, मग एसएसबीच्या, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांतून, मग मेडिकल आणि शेवटी मेरिट लिस्ट. म्हणजे तुला 'घेणारा' असा एक माणूस या सगळ्या साखळीत कुठेच नाही. तेव्हा "मॅडम, आपली वर ओळख आहे, एवढे भरा, काम होईल" असं म्हणणारा कुणी भेटला तर तो चोर आहे. पुण्यात असे खूप भेटतात. त्याच्याशी वाद घालू नकोस, मला कळव आणि पोलिसात जा.

मग विचारायचं कुणाला आणि केव्हा? विचारायचं आत्ताच, कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस झालेत तेवढ्यातच. ठरवायला वेळ आहे पोरी, विचारायला नाही. आधी मन पक्कं करते, मग चौकशी करते, असं आपल्याकडची मुलं करतात आणि तोवर तारखा निघून जातात.

सगळ्यात घाईचं काम एनसीसीचं. तुझ्या कॉलेजात जे प्राध्यापक एनसीसी बघतात, ज्यांना एएनओ म्हणतात, त्यांना याच आठवड्यात भेट. नावनोंदणी वर्षाच्या सुरुवातीला होते आणि जागा मोजक्या असतात. बी सर्टिफिकेट दुसऱ्या वर्षी, सी तिसऱ्या वर्षी. परेडची हजेरी लागते, कॅम्प लागतात. पुढच्या वर्षी बघू म्हणालीस तर पदवी हातात येईल आणि सी राहून जाईल. आणि सी सर्टिफिकेटची किंमत मोठी आहे. त्यात किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्री नावाच्या वाटेला लेखी परीक्षाच नाही, अर्जातून निवड झाली की थेट एसएसबीचं बोलावणं येतं. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. मात्र कॉलेजच्या मार्कांवरून आधी गाळणी लागते, म्हणून परेडच्या नादात केमिस्ट्री सोडू नकोस.

दुसरी वाट सीडीएसची, म्हणजे पदवीवाल्यांसाठीच्या यूपीएससीच्या परीक्षेची. वर्षातून दोनदा परीक्षा: डिसेंबरच्या सुमारास जाहिरात आणि एप्रिलमध्ये परीक्षा, मग मेमध्ये जाहिरात आणि सप्टेंबरमध्ये परीक्षा. मुलींना त्यातून चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे ऑफिसर घडवणाऱ्या अकादमीत जाता येतं, त्यासाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच पेपर, शंभर शंभर मार्कांचे. गणिताचा पेपर ओटीएला नाही, हे वाचून तुला बरं वाटेल. मुलींना फीसुद्धा नाही. एअर फोर्सची एएफकॅट ही परीक्षा वेगळी, तीही वर्षातून दोनदा.

आणि एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, अजून तुझ्या हातातून गेलेली नाही. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावी पास. लष्करासाठी कुठलीही शाखा चालते. मुलींना ती दारं २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने उघडली, २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या सतरा जणी पास आउट झाल्या. ती परेड मी टीव्हीवर उभा राहून बघितली. डिसेंबरच्या जाहिरातीत जन्मतारखेची ओळ असते, ती स्वतः वाच, त्यात बसत असशील तर फॉर्म भर. पहिल्या वर्षाचं वर्ष वाया जाईल म्हणून आई घाबरेल, तिला मी बघतो. (मामाची प्राजू नववीत आहे ना, तिच्याही कानावर घाल. नाशिकला २०२३ पासून एनडीएची तयारी करून घेणारी मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिचा अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो. संभाजीनगरची मुलांची संस्था १९७७ पासून आहे आणि तरी आपल्या गावात निम्म्यांना माहीत नाही.)

आता खरं ते सांगतो. ऑफिसर म्हणजे काय हे मी खालून बघितलंय. कुपवाड्याला असताना आमच्या प्लाटूनला अकादमीतून नुकतेच आलेले एक लेफ्टनंट साहेब होते, मिसरूड धड फुटलेलं नाही. एकदा रात्रभर पावसात पेट्रोलिंग करून आम्ही परतलो. सगळ्यांना वाटलं, आता चहा आणि झोप. साहेबांनी सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावले आणि टॉर्च घेऊन एकेकाचे पाय बघत सुटले, बोटांच्या बेचक्यांसकट. आमच्यातल्या एकाची टाच सोलून निघाली होती, तो बोलला नव्हता. साहेब तिथेच खाली बसले, टाच पुसली, पट्टी बांधली. लंगरमध्ये जेवायला बसले ते सगळ्यांच्या मागून. त्यांचे स्वतःचे बूट तेव्हाही ओलेच होते. वयाने मी मोठा, नोकरीही माझी जास्त, पण त्या दिवसापासून त्यांना सॅल्यूट करताना माझा हात आपोआप वर जायचा.

एसएसबीत हेच हुडकतात. साठ शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला पंधरा सेकंद, चित्र बघून गोष्ट, साठ प्रसंगांत तू काय करशील ते अर्ध्या तासात लिहायचं, मैदानावर फळ्या, ड्रम आणि दोरी घेऊन ग्रुपचं काम, मुलाखत, शेवटी कॉन्फरन्स. क्लासवाले उत्तरं पाठ करून घेतात. ती पाठ करू नकोस. पाच दिवस खोटं वागणं कुणालाच जमत नाही आणि समोरच्यांचा तो रोजचा धंदा आहे. एनसीसीच्या कॅम्पात जाशील तेव्हा तंबू ठोकताना, दुसरीची पिशवी उचलताना तुझं तुलाच कळेल की हे आपल्याला मनापासून आवडतंय की नुसता गणवेश आवडतोय. गणवेशच आवडत असेल तर तसं स्पष्ट सांग, मला वाईट वाटणार नाही.

कॅम्पवर बटालियनचे साहेब, मॅडम भेटतील. त्यांना "निवड कशी होते" हे विचारू नकोस, ते छापलेलं असतं. त्यांना विचार की पहिली पोस्टिंग कुठे झाली, सुट्टी किती मिळते, लग्नानंतर नवरा-बायको एका गावात राहतात का, दहा वर्षांनी पुढे काय. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी, दहा वर्षांची, पुढे चार वाढवता येतात. मुलींना पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा हक्क सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाने मिळाला. तोफखाना २०२३ मध्ये उघडला. माझं पायदळ अजून तुम्हाला नाही, आणि ते मला खुपतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मात्र आत्ता गर्दी करू नकोस. लेखी पास झालीस किंवा एनसीसीतून नाव एसएसबीला गेलं की तेव्हा जायचं. त्यांच्यामार्फत नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी होते, राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. लाखभर फी भरून क्लास लावण्याआधी हे केंद्र लक्षात ठेव. तेव्हा मी बरोबर येईन, माझं ओळखपत्र तिथलंच आहे.

अजून एक. दातांच्या डॉक्टरांकडे आणि डोळे तपासायला दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. मेडिकलमध्ये दातांचेही पॉइंट मोजतात, चौदा लागतात. आणि मैत्रिणी टॅटू काढायला निघाल्या तर तू चहा पिऊन ये. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे सोडून बाकी कुठे काढलास तर अडचण होते.

सोमवारी एएनओंना भेट, काय म्हणाले ते रात्री फोनवर सांग. एनसीसीच्या फॉर्मवर पालकाची सही लागते, फॉर्म मिळाला की एसटीने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठव. सही आईची घेईन म्हणतो. तिने फॉर्म वाचला की तिचे प्रश्न ती तुलाच विचारेल, त्यांची उत्तरं नीट दे.

तुझे
आप्पा