गाडी बारा सेंटिमीटरवर, गतिरोधक एकोणीस सेंटिमीटरचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उघड्या टपाच्या, दोन सीटच्या गाड्या आपल्या रस्त्यांसाठी नाहीतच आणि त्या घेणं म्हणजे निव्वळ पैशाचा माज, असं एका वाचकाचं पत्र अलीकडे आपल्या अंकात आलं होतं. ते वाचलं त्या दिवशी माझ्या टेबलावर अशाच एका गाडीच्या आरसी बुकाची झेरॉक्स पडलेली होती. म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला लहान कारखानदार, वय ६१. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशिनिंग करून द्यायचं, हेच काम ३४ वर्षं केलं. एका लेथवर सुरुवात झाली. गेल्या वर्षी गाळा पुतण्याच्या हवाली केला, कामगारांची देणी चुकती केली. मुलगी तिच्या घरी सुखात आहे, डोक्यावर कर्ज नाही. पैशांबद्दल इतकंच सांगणं पुरे.

गाडी बीएमडब्ल्यूची झेड-फोर, २०१२ची. पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे आहे, ते २४ लाख म्हणतात. नोंदणी महाराष्ट्रातलीच, त्यामुळे दुसऱ्या राज्यातून एनओसी आणून इथे पुन्हा एकरकमी कर भरायची भानगड नाही. २०२७ला पंधरा वर्षं भरतील तेव्हा फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येईल, तो धरून चाललोय. तीन लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत. बॉनेट उघडून चालू इंजिनाजवळ मी दहा मिनिटं नुसता उभा होतो. ज्यानं आयुष्यभर सिलिंडरच्या बोअरची मापं घेतली, त्याला तो आवाज काय सांगतो हे दुसऱ्याला समजावणं अवघड आहे. कुठे खरखर नाही, लय मोडत नाही. टप कापडाचं नाही, पत्र्याचं आहे. बटण दाबलं की वीस सेकंदांत दुमडून डिकीत जातं.

ही हौस आजची नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका मशीनच्या सौद्यासाठी पणजीला गेलो होतो. मिरामारच्या रस्त्यावर एक लाल, उघडी, दोन सीटची गाडी शेजारून गेली. चौकशी केली तेव्हा कळलं, सॅन स्टॉर्म. भारतातच बनायची, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. तेव्हा माझ्याकडे तीन चाकांचा टेम्पो होता. परतीच्या एसटीत रात्रभर ती गाडी डोळ्यांपुढून हलली नाही. मध्यंतरी जुनी स्टॉर्मच घ्यावी असंही मनात आलं होतं, पण सुट्या भागांसाठी वणवण करण्याची आता उमेद नाही.

घरात विषय काढला तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, दोन सीटची गाडी घेऊन काय करायचं, नातवंडं कुठे बसायची? आमच्या सौ. म्हणाल्या, "आपली पहिली गाडी पण दोन सीटचीच होती. मागं कास्टिंग आणि पुढं आपण दोघं. तेव्हा कुणी काही म्हटलं नाही." खरंच आहे ते. लग्नानंतर जोतिबाला, पन्हाळ्याला आम्ही त्या टेम्पोतूनच गेलो. माल भरायचा आणि तसंच पुढे जायचं. त्या टेम्पोच्या हौद्यात माल नसताना आम्ही कधी कुठे गेल्याचं मला आठवत नाही.

अडचणी मी मोजल्या नाहीत असं नाही. टप डिकीत गेलं की सामानाला १८० लिटरच जागा उरते, म्हणजे दोन लहान बॅगा. स्टेपनी नाही. टायर रन-फ्लॅट आहेत, पंक्चर झालं तरी थोडं अंतर सावकाश चालतात, पण ते महाग आणि कोल्हापुरात मागवूनच घ्यावे लागणार. जून ते सप्टेंबर टप उघडायचा प्रश्नच नाही, गगनबावड्याचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको. उघड्या टपाचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण हेच उसाच्या गळिताचे महिने. दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागे उघड्या गाडीत बसलं की धूळ आणि पाचट थेट डोक्यावर. त्यावर उपाय सोपा आहे, पहाटे निघायचं. सहा वाजता गगनबावड्याच्या वाटेला लागायचं, घाटाच्या तोंडाशी चहा घ्यायचा आणि ऊन तापायच्या आत घरी.

हे सगळं मान्य करून मी पुण्याला गेलो. डॉक्टरांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चटई टाकून गाडीखाली स्टीलची पट्टी आणि टॉर्च घेऊन शिरलो. पोटाखालचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून १२० मिलिमीटर. मग डॉक्टरांना आणि त्यांच्या ड्रायव्हरला सीटवर बसायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं, ११३. डॉक्टर म्हणाले, "आहो, आजवर कुणी असं मोजलं नव्हतं." मी म्हटलं, डॉक्टर, जॉब स्वीकारायच्या आधी ड्रॉइंग बघायची सवय आहे आमची.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं आमच्या रस्त्यावर उतरलो. घरापासून हमरस्त्यापर्यंत साडेचार किलोमीटर, त्यात ११ गतिरोधक. माझ्याकडे पाणसळ, सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टी-टेप आणि चुन्याची फक्की. सौ. टेपचं दुसरं टोक धरायच्या आणि वहीत आकडे लिहायच्या. दूधवाले थांबून विचारत होते, मोजणी कशाची? सरकारी का खाजगी?

अकरापैकी दहा गतिरोधक १० सेंटिमीटरपेक्षा उंच निघाले. आठ माझ्या गाडीच्या पोटाला लागणारे. देवळाजवळचा १७ सेंटिमीटर. सगळ्यात उंच १९ आणि त्याची रुंदी, म्हणजे गाडी जाते त्या दिशेचं माप, अवघी ६० सेंटिमीटर. एकावरही पट्टे नाहीत, एकाच्याही आधी फलक नाही. देवळाजवळच्या गतिरोधकाच्या माथ्यावर डांबरात एकाशेजारी एक असे खोल ओरखडे दिसले. बोट फिरवून बघितलं. काही ओरखड्यांत ॲल्युमिनियमची चमक होती आणि खालच्या अंगाला ऑइलचा वाळलेला डाग. कुणाचं तरी चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, तिथे फुटलेलं होतं. कुणाचं ते ठाऊक नाही, पण स्पोर्ट्स कार या रस्त्याला आजवर आलेली नाही. म्हणजे गाडी साधीच असणार, पाच माणसं बसलेली.

आता मुद्द्याचं. गतिरोधक कसा असावा याचं मानक आपल्या देशात आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९मध्ये ते दिलेलं आहे. वाहनं साधारण ताशी २५ किलोमीटरने जावीत यासाठी गोल माथ्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. गतिरोधकाच्या ४० मीटर अलीकडे सूचनाफलक असावा, रंगाचे पट्टे असावेत. हे वाचून माझा पहिला समज असा झाला की १० सेंटिमीटरचा गतिरोधक आणि ११.३ सेंटिमीटरवरची गाडी, म्हणजे जेमतेमच निभणार. मग कागद घेऊन बसलो. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.४९६ मीटर. गतिरोधक ३.७ मीटर रुंद. म्हणजे गाडी माथ्यावर असते तेव्हा तिची चारही चाकं गतिरोधकावरच असतात, ती स्वतःही वर उचललेली असते. १७ मीटर त्रिज्येच्या कमानीत अडीच मीटरच्या जीवेवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर, मधला फुगवटा येतो ४६ मिलिमीटर. ११३ वजा ४६, खाली ६७ मिलिमीटर मोकळे. गाडी आरामात जाते. चढही जेमतेम सहा अंशांपासून सुरू होतो, पुढचा बंपर घासत नाही.

आणि आमचा ६० सेंटिमीटरवाला? पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अजून अलीकडे, दोन्ही सपाट रस्त्यावर, आणि मधोमध १९ सेंटिमीटरचा दगड उभा. तिरकी घ्या, रांगत घ्या, ती गाडी अडकणारच. ३० सेंटिमीटरात १९ सेंटिमीटर चढ म्हणजे ३२ अंश. एवढ्या चढाचा घाट कुणी बांधत नाही.

हे गतिरोधक काढून टाका असं मी म्हणत नाही. ते का झाले हे मला माहीत आहे. शाळेपुढे एका पोराला भरधाव मोटारसायकलीने उडवलं, त्याचा पाय मोडला आणि त्याच रात्री माणसांनी मुरूम आणून टाकला, पुढे त्यावर डांबर पडलं. पोरगं आपलं असतं तर मीही घमेलं उचललं असतं. पण मोटारसायकलवाला आज काय करतो ते रोज सकाळी शाळेच्या वेळेला उभं राहून बघा. डांबर जिथे संपतं त्या कडेच्या फटीतून तो वेग कमी न करता निघून जातो. तीच पोरांची चालायची जागा. मानकाप्रमाणे रस्त्याच्या कडेपासून कडेपर्यंत गतिरोधक केला तर ती फट उरत नाही.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही यावर दोन दिवस विचार केला. गेल्या आषाढात आई न्हाणीघरात पडली. वय ८४, खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये मी तिच्या उशाशी होतो. ड्रायव्हर भला माणूस, प्रत्येक गतिरोधकाला गाडी जवळजवळ थांबवत होता. पण चाक चढायचं आणि धपकन उतरायचं, आणि तो धक्का सरळ त्या मोडलेल्या हाडात. आई ओरडली नाही. पदराचा बोळा करून दातांत धरला होता तिने. मध्ये एकदा बोळा काढून म्हणाली, "अरे, अजून किती आहेत?" मला सांगता आलं नाही. ३४ वर्षं ज्या रस्त्याने मी रोज गेलो, त्यावर किती गतिरोधक आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, झालं आई, आलंच. तेव्हा अजून सात होते.

हे मी त्या रविवारी मोजणी संपल्यावर वहीतला आराखडा बघताना काढलं. गाडीच्या हौसेपायी मी पट्टी घेऊन रस्त्यावर गेलो. त्याआधी आईसाठी गेलो नव्हतो, ही बोच आहे मनाला.

पुढचं काम माझ्या हातातलं होतं. गाळ्यापुढच्या मोकळ्या जागेत खिळा ठोकला आणि १७ मीटरवर कमान आखली. दोरी ताणली की लांबते, म्हणून तार घेतली. बारा एमएमच्या प्लायचे दोन तुकडे जोडून ३.७ मीटरचा फर्मा, म्हणजे मापाचा साचा, कापला. मध्यावर उंची १०० मिलिमीटर आणि वर अर्धा. प्लायच्या कामात एवढं चालतं. हा फर्मा गतिरोधकावर रस्त्याच्या लांबीच्या दिशेने उभा धरला की डांबर कुठे कमी, कुठे जास्त ते उघड्या डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. रोलरवाल्याला दोन बाजूंना दोन माणसं फर्मा धरून उभी राहिली की पुरे.

फर्मा टेम्पोत घालून मी संबंधित कार्यालयात नेला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, सोबत अकरा गतिरोधकांचा तक्ता जोडला. डांबराचा खर्च गावातले आम्ही चार जण मिळून द्यायला तयार आहोत, हेही लिहून दिलं. रस्त्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही हे आम्हाला कळतं. मुरूम टाकताना कुणाची परवानगी घेतली नव्हती, म्हणून तर ही वेळ आली. चार महिने झाले, उत्तर नाही. आपल्या वृत्तपत्राने हे तपशील छापले तर तो अर्ज कुणीतरी फायलीतून वर काढील, एवढीच आशा आहे.

गाडी मी घेणार आहे. डॉक्टरांना तसं कळवलंय, दसऱ्याला आणायची. ज्या वाचकांनी माज म्हटलं त्यांना माझं सांगणं एवढंच, की आमच्या दोघांच्या आयुष्यात मागे माल नसलेली ही पहिली गाडी आहे. रस्ता दुरुस्त होईपर्यंत ती हमरस्त्यावरच्या गाळ्यात राहील. पहाटे आम्ही स्कूटरवरून गाळ्यापर्यंत जाऊ आणि तिथून पुढे गाडीने. आईला त्या गाडीत बसता येणार नाही, सीट फार खाली आहे, वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला तिथवर वाकता येत नाही. तिने फोटो बघितला आणि म्हणाली, "छप्पर उघडं टाकून डोक्याला रुमाल बांधत जा."

फर्मा गाळ्याच्या भिंतीला उभा करून ठेवलाय. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाला, वाडीला, सोसायटीला हवा असेल तर त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडून माझा पत्ता घ्यावा आणि खुशाल घेऊन जावा. भाडं नाही. पावसात भिजू देऊ नका, प्लाय फुगलं की माप जातं.

आपला,
एक वाचक,
जि. कोल्हापूर