विषयावरून नव्हे, कडांवरून ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत युरोपीय चित्रकलेतल्या नव-अभिजाततावाद (निओक्लासिसिझम) आणि स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम) या दोन प्रवाहांवर आलेला लेख बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले कलाविद्यार्थी कापून वहीत चिकटवणार, हे आम्हाला ठाऊक आहे. या विषयावर मराठीत हाती लागते ते थोडेच, आणि परीक्षेच्या तोंडावर कात्रणालाच पाठ्यपुस्तकाचा मान मिळतो. म्हणून त्यातल्या काही गोष्टी वेळीच दुरुस्त व्हाव्यात यासाठी हे पत्र.

आधी सनावळी. लेखात नव-अभिजात फ्रेंच चित्रकार दाविदचे ‘होरेशियसांची शपथ’ आणि स्वच्छंदतावादी देलाक्र्वाचे ‘जनतेचे नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता’ ही दोन्ही चित्रे ‘फ्रेंच राज्यक्रांतीची’ म्हणून दिली आहेत. पहिले चित्र दाविदने 1784 मध्ये रोममध्ये रंगवले, तेही सोळाव्या लुईच्या दरबाराच्या मागणीवरून. पॅरिसच्या प्रदर्शनात ते 1785 साली लागले आणि बास्तीयचा तुरुंग पडून क्रांती पेटली ती 1789 मध्ये. क्रांतिकारकांनी ते चित्र पुढे आपले मानले, हे खरे. दुसरे चित्र जुलै 1830 च्या उठावाचे आहे, ज्यात दहाव्या चार्ल्सची गादी गेली. दोन्ही चित्रांत शेहेचाळीस वर्षांचे अंतर आहे. क्रांती चालू असताना तिच्यातूनच निघालेले चित्र द्यायचे होते, तर खून झालेल्या क्रांतिनेत्या माराचे, दाविदनेच 1793 मध्ये रंगवलेले ‘माराचा मृत्यू’ होते.

आता लेखातल्या चौकटीबद्दल. एका बाजूला नव-अभिजाततावाद: बुद्धी, शिस्त, ग्रीक-रोमन कथा. दुसऱ्या बाजूला स्वच्छंदतावाद: भावना, मोकळीक, समकालीन घटना आणि दूरदेशीचे विषय. पाठ करायला ही चौकट सोपी, पण चित्रासमोर उभे राहिले की ती टिकत नाही. माराचा खून ही दाविदच्या काळातलीच घटना. तरीही चित्र नव-अभिजात. आंग्रची 1814 ची ‘ओदालिस्क’ म्हणजे तुर्की जनानखान्यातली स्त्री. चौकटीप्रमाणे ती सरळ स्वच्छंदतावादात जायला हवी, पण ती रेखाटणारा हात दाविदच्या शिष्याचा आहे. उलट देलाक्र्वाने 1838 मध्ये ग्रीक कथेतली मीडिया ही स्त्री रंगवली. विषय अस्सल ग्रीक, पण त्या चित्राला नव-अभिजात म्हणायला कोणी धजणार नाही. विषयावरून वर्गवारी केली की अशी अर्धी उत्तरे चुकतात.

मग पाहायचे कुठे? आमच्या मते सर्वांत आधी आकारांच्या कडांकडे. दाविदच्या चित्रात हात संपतो आणि भिंत सुरू होते ती जागा बोटाने दाखवता येते. कड बंद असते. रंग त्या कडेच्या आत राहतो आणि कुंचल्याचा फटका घोटून पुसून टाकलेला असतो. देलाक्र्वाकडे कड उघडी असते. सावलीतला हिरवट करडा अंगाच्या रंगात शिरतो, फटके दिसत राहतात आणि दोन विरोधी रंगांच्या शेजारामुळे आकार उभा राहतो. आंग्रने रेषेच्या लयीसाठी ओदालिस्कची पाठ इतकी लांबवली की समकालीन टीकाकारांनी तीन मणके जास्त असल्याची तक्रार केली. ‘नव-अभिजात म्हणजे शरीरशास्त्राशी इमान’ असे शिकवणाऱ्यांनी ही पाठ एकदा जरूर पाहावी.

दुसरी खूण मांडणीची. ‘शपथ’ सुमारे 330 बाय 425 सेंटिमीटरचे आहे. मागे तीन कमानी, प्रत्येक कमानीपुढे एक गट. डावीकडे हात पुढे केलेले तीन भाऊ, मध्ये तीन तलवारी धरलेला बाप, उजवीकडे खचून बसलेल्या स्त्रिया. उजेड डावीकडून येतो. फरशीच्या रेषा वाढवत नेल्या तर त्या तलवारींच्या मुठीपाशी मिळतात. विद्यार्थ्याने झेरॉक्सवर पट्टी ठेवून हे स्वतः तपासावे, दहा मिनिटांचे काम आहे. सगळी माणसे एकाच उथळ पट्ट्यात, कोरीव शिल्पपट्टीसारखी उभी आहेत; कमानींमागे नजर जाऊच नये म्हणून तिथे काळोख ठेवला आहे.

याच्या शेजारी स्वच्छंदतावादी चित्रकार झेरीकोचा ‘मेदुसाचा तराफा’ ठेवावा. 1818-19 मधले काम, आकार 491 बाय 716 सेंटिमीटर, म्हणजे वर्गाच्या भिंतीवर मावणार नाही इतके. 1816 च्या जुलैत ‘मेदुसा’ हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. सुमारे 147 माणसे तराफ्यावर चढवून तो ओढणाऱ्या होड्यांचा दोर तोडला गेला. तेरा दिवसांनी 15 जिवंत सापडली. चित्रात खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या प्रेतांपासून वर उजवीकडे कापड हलवणाऱ्या माणसापर्यंत देहांची तिरपी चढण आहे. शीड मात्र वाऱ्याने डावीकडे फुगले आहे. माणसे वाचवणाऱ्या जहाजाकडे झेपावताहेत आणि तराफा उलट दिशेला ओढला जातो आहे. सगळा ताण या दोन विरुद्ध ओढींत आहे, चेहऱ्यांवरच्या भावांत फारसा नाही.

‘मोकळीक’ हा शब्द विद्यार्थी फार उत्साहाने उचलतात, म्हणून झेरीकोची पूर्वतयारीही सांगायला हवी. वाचलेल्यांपैकी जहाजाच्या सुताराकडून त्याने तराफ्याचा छोटा नमुना बनवून घेतला, रुग्णालयात जाऊन मरणासन्न माणसांचे चेहरे आणि तुटलेले अवयव रेखाटले, मांडणीची कितीतरी कच्ची चित्रे केली. तेरा दिवस उपाशी असलेली माणसे त्याने पिळदार स्नायूंची काढली आहेत, कारण हात अकादमीतल्या रेखांकनावर तयार झालेला होता. रेखांकन कच्चे ठेवून स्वच्छंदतावादी होता येत नाही. आमच्याकडे ‘एक्स्प्रेशन’च्या नावाखाली कोपर आणि मनगट चुकलेली चित्रे येतात, त्यांना हा वाद आधाराला घेता येणार नाही.

याच चित्रात एक तांत्रिक घोडचूकही आहे, आणि लेखात ती यायला हवी होती. गडद, पारदर्शक तपकिरीसाठी झेरीकोने डांबरी रंग, म्हणजे बिट्युमेन, वापरला. लावताना तो मखमली दिसतो, पण पूर्ण कधीच सुकत नाही. त्यावरचा तेलरंगाचा थर सुकून आक्रसतो, खालचा मऊच राहतो आणि वरच्या थराला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. शिवाय रंग काळवंडत जातो. आज चित्राचा बराच भाग काळसर दिसतो त्यामागे हे मोठे कारण आहे. नियम आजही तोच: खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला आणि तेल कमी असलेला, वरचे थर क्रमाने अधिक तेलाचे. तेलरंग हवेतला प्राणवायू घेऊन सुकतो. आपल्याकडच्या पावसाळी, गार, कोंदट खोलीत तो वेळ लावतो. वरून सुकला म्हणून दुसरा थर चढवला की भेगांची सोय झालीच.

फरक हाताला कळावा म्हणून आम्ही एकच विषय दोन्ही रीतींनी करायला सांगतो. गोकाकचा धबधबा यासाठी उत्तम. घटप्रभा नदी सुमारे 52 मीटरवरून पडते, कडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे आणि झुलता पूल आडवी रेषा देतो. कागद पाव इम्पीरियल, साधारण 15 बाय 11 इंच.

पहिल्या, म्हणजे नव-अभिजात रीतीच्या चित्रात धबधब्याचा कडा समोरून घ्यावा. कागदाचे तीन उभे भाग पाडून प्रत्येकात एकच मोठा आकार ठेवावा. एचबी पेन्सिलीने आकारांच्या सगळ्या कडा बंद कराव्यात, उजेड डावीकडून, छटा तीनच. पोस्टर कलरमध्ये घोटीव उतार साधत नाही, सुकल्यावर छटाही बदलते. म्हणून हे चित्र 2बी ते 6बी पेन्सिलींनीच पुरे करावे.

दुसरे, स्वच्छंदतावादी रीतीचे चित्र पोस्टर कलरमध्ये करावे; त्यासाठी कागदावर आधी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ वॉश द्यावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा. जागा बाजूची आणि खालची निवडावी, म्हणजे कडा तिरपा येतो. कागदाचा दोन तृतीयांश भाग काळोखात, उजेड एकाच ठिकाणी, माणूस फार तर अर्ध्या इंचाचा. तुषार उडतात तिथे खडकाची कड हरवू द्यावी. पावसाळ्यात घटप्रभेचे पाणी तांबूस गढूळ असते. बहुतेक मुले ते कॅलेंडरातल्यासारखे पांढरेशुभ्र करतात आणि चित्र तिथेच मरते. पांढरा शेवटी, जाड, दोन-तीन ठिकाणीच. पोस्टर कलरचा खालचा थर ओल्या कुंचल्याने पुन्हा सुटतो, म्हणून एका जागी एकच फटका; घासले की चिखल. फार जाड थर दिला तर कागद वाकल्यावर पोपडे निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट असताना फोल्डरमध्ये घालू नये, बुरशी धरते.

आता आपल्याकडे एक मागणी. लेखासोबत ‘शपथ’ छापताना उजवी बाजू कापली गेली आणि स्त्रिया पूर्ण गायब झाल्या. तीन गटांचे चित्र दोनाचे झाले. ‘तराफा’ दोन कॉलमांत बसवल्याने नुसता काळा डाग उमटला. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे मूळ फाइलमधल्या मधल्या छटा थोड्या उजळूनच पाने लावावी लागतात. देलाक्र्वाच्या स्वातंत्र्यदेवतेवरचे जुने पिवळे व्हार्निश काढून 2024 मध्ये ते चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पुन्हा लागले आहे. आपण छापलेले छायाचित्र त्याआधीचे, पिवळट आहे. निशाणातला पांढरा आणि आकाशातला निळा त्यात दिसतच नाही, आणि रंगावर बोलणाऱ्या लेखात हे फार खटकते. पुढच्या भागांत प्रत्येक चित्र न कापता द्यावे, खाली साल, माध्यम, सेंटिमीटरमध्ये आकार आणि संग्रहालय छापावे, आणि जमल्यास एका चित्राचा तळहाताएवढा तुकडा मूळ आकारात द्यावा, म्हणजे कुंचल्याचा फटका दिसेल. जागेची अडचण असेल तर चार चित्रांऐवजी दोनच चालतील.

आपले,
काही कलाशिक्षक,
बेळगाव-खानापूर