फॉग लाइट लावा, पण खाली झुकवून

महोदय,

पावसाळ्यात बेळगावहून भाजी भरून आंबोली घाट उतरताना समोरच्या पिकअपचे जादा बसवलेले फॉग लाइट थेट डोळ्यांत घुसतात. धुक्यात तर त्या झोताची पांढरी भिंतच उभी राहते. ना कठडा दिसत, ना कडेची पट्टी. टपावर एलईडी पट्ट्या लावणाऱ्या भावांना माझी कळकळीची विनंती आहे. फॉग लाइट बंपरवर, हेडलाइटच्या खालीच हवा.

जुळवणीला फार काही लागत नाही. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखा आणि प्रकाशाची वरची कड त्या रेषेच्या ४ इंच खाली आणा. हे हौदा भरलेला असतानाच करा. मागे वजन पडले की गाडीचे नाक वर होते, झोतही वर जातो. वायरिंगला रिले (दिव्याचा जादा करंट पेलणारा वेगळा स्विच) आणि फ्यूज हवेतच. आपल्या खाऱ्या हवेत उघडे जोड लवकर गंजतात.

आरटीओने पावसाळ्याआधी घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीला दिवे जुळवून देण्याचे मोफत शिबिर घ्यावे. आम्ही चालक मदतीला येऊ.

– एक पिकअपचालक, कुडाळ