खिडकीतलं मॅनहॅटन आणि दरमहा मेन्टेनन्स

न्यूयॉर्क

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना सा. न.

आप्पा, घर विकत घेतल्यावर दरमहा साडेचौदाशे डॉलर कसले, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी सांगायला लागले तोवर विनयने तुम्हाला बाराव्या मजल्यावरून काढलेला फोटो दाखवला आणि विषयच बदलला. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते.

इथे कोऑपमध्ये फ्लॅट आपल्या नावावर होत नाही. इमारत एका कंपनीची असते. आपण तिचे शेअर्स घ्यायचे, त्यावर फ्लॅटमध्ये राहायचा पट्टा मिळतो. त्याआधी बोर्ड आयकराचे कागद, बँकेची स्टेटमेंटं, ओळखीच्यांची पत्रं मागतं आणि मुलाखतीला बोलावतं. आईला सांगा, दाखवून घ्यायचा कार्यक्रम या वयात पुन्हा होणार.

टिळकवाडीत आपलं मेन्टेनन्स म्हणजे लिफ्ट, वॉचमन, पाण्याची मोटर. इथे अख्ख्या इमारतीची घरपट्टी त्यातूनच जाते. हिवाळ्यातलं हीटिंग, गरम पाणी, कामगारांचे पगारही त्यातच. शिवाय इमारतीच्या डोक्यावर स्वतःचं कर्ज असतं, त्याचा हप्ता. आपल्या कर्जाचा हप्ता वेगळा. घरपट्टी आणि त्या व्याजातल्या आपल्या वाट्यावर आयकरात वजावट मिळू शकते, पण ती नंतरची गोष्ट.

खरी गंमत शेअर्समध्ये आहे. इमारत कोऑप झाली तेव्हा फ्लॅटचा आकार, मजला आणि बाहेरचं दृश्य बघून शेअर्स वाटले गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या हुबेहूब तशाच फ्लॅटला 240, आणि आम्ही बघितलेल्याला 290. शेअरमागे महिना पाच डॉलर. म्हणजे निव्वळ वरच्या खिडकीपायी महिन्याला अडीचशे, वर्षाला तीन हजार डॉलर जास्त. आणि किमतीत त्या खिडकीचे पैसे घेतलेत ते निराळेच.

खिडकी सुंदर आहे, नाही म्हणत नाही. ईस्ट रिव्हरपलीकडे एम्पायर स्टेट दिसते. पण मी खाली उतरून पलीकडच्या गल्लीत गेले. तिथे हिरव्या रंगाचं प्लायवुडचं कुंपण, त्याला आत डोकवायला एक चौकोनी झरोका. आत पोकलेन उभा होता. ब्रोकर म्हणाला, ती जागा कधीची पडून आहे. पडून असलेल्या जागेत पोकलेन कशाला आणतील? इथल्या कायद्यात दृश्यावर कुणाचा हक्क नसतो. शेजारच्या बुटक्या इमारतीने आपला न वापरलेला एफएसआय, म्हणजे बांधकामाचा उरलेला हक्क, बिल्डरला विकला, की तो आणखी उंच चढतो. वडगावात मामांच्या गच्चीवरून येळ्ळूरचा गड दिसायचा, तो तीन मजल्यांच्या बांधकामाने झाकला. पण त्यासाठी मामा दरमहा पैसे तरी भरत नव्हते. इथे मॅनहॅटन झाकलं गेलं तरी शेअर्स 290 ते 290च.

त्यात आम्ही बघितलेली इमारतही उंच. सहा मजल्यांहून उंच इमारतीच्या दर्शनी भिंती दर पाच वर्षांनी तपासून घ्याव्या लागतात, दुरुस्ती निघाली की सभासदांवर जादा वर्गणी. प्रदूषणाचा 2019चा कायदा 25,000 चौरस फुटांवरच्या इमारतींना आहे. 2024पासून इमारतीतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाला मर्यादा लागू झाली, 2030ला ती आणखी कडक होईल, आणि मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला 268 डॉलर दंड. यांचा बॉयलर अजून तेलावर चालतो. इमारतीचं स्वस्त व्याजाचं कर्जही पुढच्या वर्षी संपतंय, नवं महाग पडणार.

दुसरं घर जॅक्सन हाइट्सचं. तिसरा मजला, इमारत सहा मजली, शंभरेक वर्षं जुनी. मागच्या खिडक्या आतल्या बागेत उघडतात. ती बाग कोऑपच्याच मालकीची, आणि हा भाग 1993पासून जतन केलेला, त्यामुळे समोर टॉवर यायची भीती जवळजवळ नाही. बागेत फिरायला जाता येतं, एम्पायर स्टेटचं काय करायचं? जवळच चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर कढीपत्ता, गवार, सगळं मिळतं. मेन्टेनन्स 980 डॉलर.

विनयला हे पटत नाही. संध्याकाळी दमून आल्यावर समोर दिवे दिसले पाहिजेत म्हणतो. दिसू देत, पण पुलावर जाऊन फुकट बघ म्हटलं.

मला मात्र शंका 980ची आहे. शेजारच्या इमारतींपेक्षा हे कमी का? काटकसर, की बोर्ड वर्षानुवर्षं वाढ टाळत राखीव निधी खात बसलंय? तीन वर्षांचे ताळेबंद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत. पतसंस्थेत तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. राखीव निधी दरवर्षी किती घटला, थकबाकीदार किती, आणि छपराचं काम कोणत्या खात्यातून केलं एवढं बघा. दुसऱ्या वर्षाची टीप सात मला जरा खटकते. रविवारी तुमच्या सकाळी फोन करते, तोवर विनयला काही बोलू नका.

तुमची,
सुमा