न आलेल्या कुटुंबाकडून सास्काटूनच्या काकूंना

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

कॅनडातल्या सास्काटूनला कायमचे येऊन राहण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे, हे आपल्याला फोनवर कळवले आहेच. तरीही हे पत्र लिहीत आहे आणि ते चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे. "येणारे सगळे विमानतळावरून फोन करतात, न येणारे पुन्हा कधी बोलत नाहीत," असे आपण एकदा हसत म्हणाला होतात. आपला इतका वेळ घेऊन शेवटी न आलेल्यांपैकी निदान एकाने तरी, आपल्यामुळे काय साधले, ते लेखी सांगावे असे मला वाटले. शिवाय हाच निर्णय समोर असलेली आणखी काही घरे माझ्या ओळखीत आहेत. आपण आम्हाला विचारलेले प्रश्न त्यांच्याही उपयोगाचे आहेत.

आपली ओळख झाली तेव्हा आम्ही कोणत्या मनःस्थितीत होतो, ते आधी सांगतो. जालन्यात बियाणे-संशोधनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली होती. कडधान्यांवर काम करणाऱ्या माणसाला सास्काचेवान हे आपल्या प्रांताचे नाव परके नसते. तिथल्या विद्यापीठाचे पीक विकास केंद्र १९७१ साली सुरू झाले, डॉ. अल स्लिंकार्ड यांनी १९७८ साली 'लेअर्ड' हा मसुरीचा वाण दिला आणि गव्हाच्या त्या मुलखात मसूर रुजली, हा इतिहास आमच्या क्षेत्रातल्या बहुतेकांना ठाऊक असतो. म्हणून तिथून नोकरीची संधी समोर आली तेव्हा ती हातची सोडू नये, असेच सगळे म्हणत होते. स्थलांतराच्या ज्या सल्लागाराकडे आम्ही जात होतो, तिथे तर वयाची घाई होती. कायम रहिवासाच्या अर्जदारांना गुण देण्याच्या कॅनडाच्या पद्धतीत तिशीनंतर दर वाढदिवसाला वयाचे गुण घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ते शून्यावर येतात, हे खरेच आहे. पण प्रत्येक भेटीत तेच पुढे केले की माणूस जायचे की नाही याचा विचार करतच नाही, तो फक्त उशीर होऊ नये याचा विचार करू लागतो. दुसरीकडे नातेवाइकांमध्ये एक गट थंडीची भीती घालणारा होता, तर दुसरा आमचे अभिनंदन आधीच करून मोकळा झालेला होता.

अशा वेळी वर्गमित्राने आपला, म्हणजे त्याच्या मावशीचा, क्रमांक दिला. सास्काटूनला ऋतूप्रमाणे घड्याळे मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे आपल्यात आणि आमच्यात बारा महिने साडेअकरा तासांचेच अंतर असते. आमचे रात्रीचे आठ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ, हे हिशेबाला सोपे असल्यामुळे तीच आपल्या बोलण्याची वेळ ठरून गेली. पहिल्याच फोनवर मी विचारले, "काकू, यावे की न यावे?" त्यावर "हे मी सांगणार नाही, बाकी काहीही विचार," असे आपण म्हणालात आणि शेवटपर्यंत तो शब्द पाळलात. त्या दिवशी मला थोडा राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

थंडीबद्दल आपण फार बोलला नाहीत, फक्त एक अट घातलीत: बघायला यायचे असेल तर जुलैत येऊ नये, जानेवारीत यावे. तसा मी आलो आणि आपल्या बेसमेंटमध्ये राहिलो. उणे तीस अंशांच्या खाली नाकातले केस गोठतात, पायाखालचा बर्फ करकरतो, गाडीचे इंजिन सकाळी सुरू व्हावे म्हणून रात्रभर तिला विजेची वायर लावून ठेवावी लागते आणि तरीही आकाश आपल्या मराठवाड्यातल्या हिवाळ्यासारखे निरभ्र असते, हे सगळे मी पाहिले. वारा धरून जाणवणारे तापमान उणे चाळीसच्या खाली गेले की उघडी कातडी काही मिनिटांत गोठू शकते, म्हणून आपण मला कोपऱ्यावरच्या दुकानातही तोंड झाकल्याशिवाय जाऊ दिले नाहीत. पण त्या मुक्कामात माझी थंडीची भीती गेली. थंडी कपड्यांनी, गाडीने आणि सवयीने भागते, हे पटले. आणि ज्या प्रश्नावर आम्ही घरी सर्वाधिक बोलत होतो तो मुळात निर्णायक नव्हताच, हेही कळले. भीतीचा विषय बाजूला झाल्यावरच खरे विषय पुढे आले.

त्यातला पहिला विषय आपण माझ्याशी बोललाच नाहीत. आपण फोन माझ्या पत्नीला द्यायला सांगितलेत. ती औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे आणि इथे स्वतःचे औषधांचे दुकान चालवते. तिकडे फार्मासिस्ट म्हणून उभे राहायचे तर कागदपत्रांची तपासणी, मूल्यांकन परीक्षा, मग पात्रता परीक्षेचे लेखी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग, त्यानंतर प्रांताच्या नियामक संस्थेकडे नोंदणी आणि देखरेखीखालचे प्रशिक्षण, एवढे सगळे करावे लागते, हे आम्हाला ढोबळपणे माहीत होते. "होईल हळूहळू" या दोन शब्दांत आम्ही ते गुंडाळून ठेवले होते. आपण तिला सरळ विचारलेत की ते होईपर्यंत तू दुसऱ्याच्या काउंटरवर मदतनीस म्हणून उभी राहशील का, आणि राहिलीस तर मनाने की नाइलाजाने? आपण स्वतः बी.एस्सी., बी.एड. होऊन कोल्हापूरहून तिथे गेलात, ती पदवी तिथे चालली नाही, आणि शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून आपण वर्षे काढलीत, हे तेव्हा प्रथमच कळले. "मला त्या वेळी हा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून मी प्रत्येकीला विचारते," असे आपण तिला म्हणालात. त्या रात्री आम्ही दोघे प्रथमच त्या नोकरीबद्दल माझी संधी म्हणून न बोलता आमचा सौदा म्हणून बोललो. या एका प्रश्नासाठी आपले जेवढे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

दुसरा विषय माझ्या आई-वडिलांचा होता. मी एकुलता एक. ते लातूर जिल्ह्यात गावी राहतात, आणि "जम बसला की त्यांना घेऊन जाऊ" हे वाक्य मी इतक्यांदा बोललो होतो की ते मला योजनाच वाटू लागले होते. या वाक्याचा कागदावर अर्थ काय होतो, ते आपण उलगडून दाखवलेत. सुपर व्हिसावर आई-वडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण पाहुणे म्हणून. त्यांच्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी आरोग्यविमा काढावा लागतो, आणि हृदयविकाराचा इतिहास असलेल्या माझ्या वडिलांसारख्या माणसाचा विमा किती रुपयांत आणि कोणत्या अटींवर निघेल, हे आधी विचारून घ्या, असे आपण सांगितलेत. कायमच्या वास्तव्यासाठी आई-वडिलांना पुरस्कृत करण्याची वाट आहे, पण तिथे अर्ज करण्याचे निमंत्रण सोडतीने मिळत आले आहे. ज्या गोष्टीत सोडत आहे तिच्यावर वडिलांचे म्हातारपण ठेवता येत नाही. आणि वडील इथेच राहिले तर? भारतातून सास्काटूनला थेट विमान नाही. टोरांटो, व्हँकुव्हर किंवा कॅलगरीहून पुढे जावे लागते. रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले तर मी लातूरला कधी पोहोचेन, हे आपण मला स्वतः हिशेब करून काढायला लावलेत. मी तो काढला, आणि सर्वात चांगल्या शक्यतेतही दोन दिवसांखाली आला नाही.

यात आपण तिथली बाजू कमी करून सांगितली नाहीत, हे आवर्जून नोंदवतो. सरकारी खर्चाने सर्वांवर उपचार करण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत प्रथम सास्काचेवानने १९६२ साली सुरू केली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ संप केला होता आणि तरीही सरकारने ती मागे घेतली नाही, हे आपण अभिमानाने सांगितलेत. काकांचे हृदयाचे मोठे ऑपरेशन बिल न देता झाले, हेही सांगितलेत. आणि कुटुंबाचा म्हणून कायमचा डॉक्टर मिळायला आज लोकांना किती थांबावे लागते, हेही लपवले नाहीत. एखाद्या गावाबद्दल प्रेम असूनही त्याचे वकीलपत्र न घेता बोलता येते, हे मी आपल्याकडून पाहिले.

मला सर्वात उपयोगी पडली ती मात्र आपण लावून दिलेली पायऱ्यांची ओळ. कायमचे जाणे हा एकच मोठा निर्णय आहे असे आम्ही धरून चाललो होतो. आपण म्हणालात की त्यातल्या बऱ्याच पायऱ्या उतरता येतात, एक उतरता येत नाही, आणि लोक सगळ्यांना सारखेच घाबरतात. कायम रहिवासाचा परवाना टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावे लागते. म्हणजे तो घेऊन पाहता येतो, सोडूनही देता येतो. नोकरी सोडता येते, घर विकता येते. पण तिकडचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येता-जाता येते, राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची जमीन वारसाने माझ्या नावावर येऊ शकेल, सात-बाऱ्यावर नाव लागेल, पण शेजारचा एक एकर विकायला निघाला तर तो मला घेता येणार नाही. शेतकऱ्याच्या मुलाला ही गोष्ट एखाद्या कलमासारखी वाचून पुढे जाता येत नाही. ते नागरिकत्व घ्यायला त्याआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे राहिलेले असावे लागते, म्हणजे न उतरता येणारी पायरी पहिल्या दिवशी नसतेच, ती काही वर्षांनी येते, हे कळल्यावर आमची निम्मी घालमेल संपली. गंमत म्हणजे, जाणे इतके भयंकर नाही हे आपल्यामुळे पटले, आणि तरीही आम्ही गेलो नाही.

का गेलो नाही, ते थोडक्यात. पत्नीने सांगितले की परीक्षा ती देईल, पण दुकान बंद करून, चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा उमेदवारी तिला करायची नाही, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते. वडिलांना आम्ही विचारले. ते तूर, हरभरा आणि सोयाबीन घेतात आणि लातूरच्या बाजारात माल नेतात, त्यामुळे कॅनडा त्यांना माझ्याआधीपासून माहीत आहे. सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात वाटाण्यावर पन्नास टक्के आणि पुढच्याच महिन्यात मसुरीवर तीस टक्के आयातशुल्क लावले ते त्यांना आठवते, आणि २०२३ च्या डिसेंबरात पिवळा वाटाणा पुन्हा शुल्कमुक्त झाला तेही. ते म्हणाले, "त्यांचा वाटाणा इथे येऊन माझ्या हरभऱ्याचा भाव पाडतो, आता तू तिकडे जाऊन त्यांचं बियाणं सुधार." ते चेष्टेत म्हणाले होते आणि त्यांनी मला अडवले नसते. मी स्वतः मात्र त्यांच्या छातीच्या दुखण्याचा तो दोन दिवसांचा हिशेब विसरू शकलो नाही. ते दुखणे नसते, किंवा मला एखादे भावंड असते, तर आम्ही बहुधा आलो असतो. ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि मातृभूमीच्या ओढीने राहिलो असे कोणी म्हणू नये.

एका मुद्द्यावर आपले मत मला अजूनही पटत नाही. मुले कुठेही रुजतात, असे आपण म्हणता. आपली रुजली. पण आठवीतल्या मुलाला वर्गातले मित्र सोडून एकदम परक्या भाषेतल्या हायस्कुलात घालणे आणि चार वर्षांच्या मुलाला नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या मुलाने स्वतः "चालेल" म्हटले असले तरी तो ते आम्हाला बरे वाटावे म्हणून म्हणाला असे मला वाटते. यावर आपण पुन्हा भांडू.

नोकरीला रीतसर नकार कळवला आहे. सल्लागाराकडची फाइल बंद केली आहे, भरलेल्या शुल्काचा काही भाग गेला. पत्नीने शेजारचा गाळा भाड्याने घेऊन दुकान वाढवले आहे. माझ्या सहकाऱ्याची मुलगी परिचारिका आहे आणि तिला याच वाटेने जायचे आहे. तिला मी सर्वात आधी नोंदणीच्या परीक्षांची माहिती काढायला सांगितले आहे आणि आपल्या परवानगीने आपला क्रमांक दिला आहे. ती आमच्या वेळेप्रमाणे रात्री आठनंतर फोन करील. तिचे बहुधा जायचेच ठरेल. तिला जेवढी माहिती लागेल तेवढी द्यावी, ही विनंती.

घरी सर्वांचा आपल्याला नमस्कार. काकांना साष्टांग नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
जालन्याचा एक ऋणी