डोंगर आणि डांबर यांच्यामधली वाट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये चालायला बाहेर पडलेल्या माणसापुढे सध्या दोनच पर्याय उरले आहेत : डोंगर किंवा डांबर. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ते रविवारी पहाटे अंजनेरी, रामशेज किंवा हरिहर गाठतात, आणि ज्यांचे नाहीत ते गोल्फ क्लबच्या मैदानाला घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या घालतात, नाहीतर गंगापूर रोडच्या कडेने मोटारींचा धूर गिळत चालतात. सायकल नुकती शिकलेल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन कुठे जावे, या प्रश्नाला तर उत्तरच नाही. या पत्रात मला सांगायचे आहे ते एवढेच की तिसरी वाट आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. ती सपाट आहे, बऱ्याच ठिकाणी सावलीची आहे, पाण्याच्या कडेने जाते, आणि ती नव्याने बांधायची नसून केवळ मोडू द्यायची नाही. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याच्या भरावावरून जाणारा निरीक्षण रस्ता, ज्याला आमच्या मखमलाबादकडे सगळे ‘पाटाचा रस्ता’ म्हणतात, ती ही वाट.

मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केली आणि निवृत्त झालो, त्यामुळे या विषयात माझा जीव अडकलेला आहे हे आधीच कबूल करतो. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, सुरू झाले की पाटकरी (पाटाचे पाणी वाटून देणारा माणूस) आणि आम्ही सायकलीवरून भरावाच्या कडेने फिरत असू. खेकड्यांनी आणि उंदरांनी पाडलेली बिळे, मोऱ्यांत अडकलेला पालापाचोळा, कुणी रात्रीतून टाकलेला चोरटा पाइप, एखाद्या वळणावर भरावाच्या पायथ्याशी दिसणारी ओल, हे सगळे पाहायचे तर वेगाने जाऊन चालतच नाही. कालव्याचा निरीक्षण रस्ता हा मुळात माणसाच्या आणि सायकलीच्या गतीसाठीच आखलेला असतो, जीप त्यावर नंतर आली.

त्याच्या सपाटपणामागे एक साधे कारण आहे. कालव्यातले पाणी केवळ उताराने वाहायचे असते आणि उतार जास्त दिला तर वेगाने काठ धुपतात, म्हणून कालवा हजारो फुटांमागे जेमतेम एखादा फूट उतरेल अशा बेताने, टेकड्यांच्या कडेकडेने, समपातळीची रेषा धरून नेलेला असतो. मुख्य रस्ता जिथे चढ चढतो तिथे पाट वळसा घालतो. त्यामुळे पाटाच्या बाजूने सायकल चालवणाऱ्याला चढ लागत नाही, आणि सरळ रस्त्यावर येणारा कंटाळाही येत नाही, कारण दर थोड्या अंतराने वळण येते आणि समोरचे चित्र बदलते. डाव्या कालव्यावर धरणाकडून गावाकडे येताना एका अंगाला चढाची जमीन राहते, आणि दुसऱ्या अंगाला खाली द्राक्षबागा, मळे आणि त्यांच्या पलीकडे गोदावरीकाठच्या झाडीची हिरवी ओळ दिसते. काठावर करंज, बाभूळ, उंबर, कडुनिंब. पाणी सुटलेले असेल तर वंचक आणि खंड्या हमखास, आणि नसेल तर कोरड्या पाटाच्या तळाशी उरलेल्या डबक्यांभोवती धोबी पक्षी. माझ्यासारख्याला हे जंगल नव्हे हे ठाऊक आहे. पण पायाखाली मुरूम, डोक्यावर फांद्या आणि शेजारी पाणी एवढे मिळाले तर सत्तरीतल्या माणसाला आणखी काय हवे असते?

हे आज लिहिण्याचे कारण असे की उजव्या कालव्याचे काय झाले ते आपण पाहिले आहे. शहरातून जाणारा गंगापूरचा तो कालवा बंद पडला, त्याची जागा रस्त्यांसाठी गेली, आणि ‘कॅनॉल रोड’ हे नाव तेवढे पाट्यांवर उरले. नव्या पिढीतल्या मुलांना त्या नावात कालवा का आहे हेही सांगावे लागते. त्या वेळी कुणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही, वाढत्या शहराला रस्ते लागतातच. मात्र कित्येक किलोमीटरची एक सलग, सरकारी मालकीची, चढउतार नसलेली पट्टी शहराच्या मधोमध हाती असताना तिचा काही भाग तरी पायी चालणाऱ्यांसाठी आणि झाडांसाठी राखावा, हा विचार कुणाला सुचला नाही याची चुटपुट लागून राहते. आता मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या बाजूने शहर डाव्या कालव्यापर्यंत येऊन पोहोचले आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्तारुंदीकरणाची घाई सगळीकडे सुरू आहे. अशा घाईत मोकळी दिसणारी प्रत्येक पट्टी नकाशावर रस्ता होऊन बसते.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन असा केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने नातवाबरोबर सायकलने गेलो होतो. १८१० मध्ये पूर्ण झालेला हा ८७ मैलांचा कालवा नौकांतून माल नेण्यासाठी खोदलेला, आणि काठाची वाट त्या नौका ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली. रेल्वे आल्यावर धंदा बसला, पुढे कालवा काही ठिकाणी कोरडाही पडला, आणि बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर १९९० मध्ये तो पुन्हा सुरू झाला. आज त्या घोड्यांच्या वाटेवरून माणसे चालतात. आमच्या त्या प्रवासात डंडस आणि एव्हनक्लिफ या दोन ठिकाणी कालवा दगडी पुलावरून खालची नदी ओलांडतो. पुलावर पाणी आणि पुलाखालीही पाणी, हे पाहून नातवापेक्षा मीच जास्त वेळ थांबलो, कारण असे जलसेतू बांधताना गळती कशी आवरतात या विवंचनेत माझी उमेदीची वर्षे गेलेली. पण मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. वाट जेमतेम दीड-दोन माणसांच्या रुंदीची, बारीक खडीची, दिवे नाहीत, कठडे नाहीत, चौकात सायकल मार्गाचा क्रमांक लिहिलेली एक लहानशी पाटी, आणि मागून सायकल आली की घंटीचा एक हलका टोला. चालणारा बाजूला होतो, सायकलवाला आभार मानतो, आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. एवढ्या साधेपणावर ती वाट चालते आहे.

यावर कुणी म्हणेल की ते त्यांचे, आपल्याकडे हे जमायचे नाही. मला हे पटत नाही, कारण पायवाटेला हक्क म्हणून मान देण्याची रीत आपल्या महसुली कागदांतही आहे. जुन्या गावनकाशावर गाडीमार्ग आणि पायमार्ग वेगवेगळ्या तुटक रेषांनी दाखवलेले असतात, आणि पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १४३ ने तहसीलदाराकडे मागता येतो, आणि असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्यानंतर प्रत्येक परगण्याला सार्वजनिक पायवाटांचा नकाशा करणे भाग पडले, आणि त्या नकाशावर जी वाट चढली ती पुसणे फार अवघड झाले. आपल्याकडे रेषा नकाशावर आहेत, फक्त त्यांच्याकडे शेतीची वाहतूक यापलीकडे कुणी पाहत नाही. कालव्याच्या भरावाची गोष्ट अर्थातच वेगळी आहे, ती जमीन जलसंपदा विभागाची आहे आणि तिच्यावरून वाहन नेण्यास विभागाची परवानगी लागते, हे मी नोकरीत असताना लोकांना ऐकवलेलेही आहे. म्हणूनच मागणी विभागाकडे करतो आहे.

शेतकऱ्यांची बाजू या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती ऐकल्याशिवाय हा विषय पुढे नेऊ नये. द्राक्षाचा हंगाम आला की बागेच्या कडेने अनोळखी माणसे हिंडू लागणे हे बागायतदाराच्या जिवावर येते. घड तोडले जातात, औषध फवारलेल्या बागेत कुणाचे मूल शिरले तर बोल बागवाल्याला लागतो, आणि रविवारच्या पार्ट्यांच्या बाटल्या पाटात फुटल्या की त्या काचा चारीच्या, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या लहान पाटाच्या, पाण्याबरोबर वाफ्यात येतात आणि निंदणाऱ्या बाईच्या पायात शिरतात. ही तक्रार खरी आहे. माझ्या अनुभवात मात्र हा उपद्रव करणारे लोक पायी किंवा सायकलीवर फारसे येत नाहीत, ते मोटारीतून आणि मोटारसायकलींवरून येतात. म्हणून भरावाच्या तोंडाशी, जिथे तो मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे सायकल जाईल पण मोटार जाणार नाही असे दगडी खांब रोवावेत, त्यांपैकी एक कुलपाने काढता येईल असा ठेवावा आणि त्याची किल्ली पाटकऱ्याकडे व लगतच्या शेतकऱ्यांकडे असावी. शेतमालाची ने-आण त्याने अडणार नाही. सकाळ-संध्याकाळ वर्दळ राहिली तर पाण्याच्या चोरीवर आणि भरावातील गळतीवर आपोआप नजर राहील, हा विभागाचाही फायदाच.

धोक्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आवर्तनात भरलेला पाट वरून संथ दिसतो, पण अस्तर केलेल्या भागात बाजू निसरड्या असतात आणि पडलेल्याला चढून येणे कठीण जाते. लहान मुलांना काठावर एकटे सोडू नये, आणि ठराविक अंतरावर उतरण्या-चढण्याच्या पायऱ्या आणि धरायला साखळी असावी. गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तेव्हा उजाडण्यापूर्वी आणि दिवेलागणीनंतर ही वाट बंदच असावी. दिवे लावून रात्रीही ती चालू ठेवण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर तिला वेळीच नकार द्यावा.

खरी भीती मला उपेक्षेपेक्षा उत्साहाची वाटते. एखादी वाट ‘विकसित’ करायची ठरली की आपल्याकडे आधी सिमेंटचे ब्लॉक येतात, मग रंगीत दिवे, मग व्यायामाची लोखंडी यंत्रे, मग इंग्रजी अक्षरांत गावाचे नाव असलेला फोटोचा चौथरा, आणि शेवटी खाण्याच्या गाड्यांसाठी वाहनतळ. शहरातल्या एका रस्त्यालगत रंग देऊन आखलेल्या सायकल मार्गावर आज मोटारी कशा निवांत उभ्या असतात ते सगळ्यांना दिसते. पाटाच्या वाटेला यातले काहीच नको. खड्डे पडतील तिथे मुरूम टाकून रोलर फिरवावा, मैलाच्या दगडासारखे छोटे दगड बसवून त्यांवर धरणापासूनचे अंतर आणि पुढच्या गावाचे नाव मराठीत लिहावे, पावसाळ्यात काळ्या मातीचे जे चार-दोन तुकडे चिकट होतात तिथे खडी पसरावी. झाडे लावतानाही उत्साह आवरावा लागेल, कारण भरावावरच लावलेल्या मोठ्या झाडांची मुळे मातीत शिरून गळतीला वाट करून देतात, म्हणून आमच्या खात्यात भरावावर झाड उगवू द्यायचे नाही असा दंडकच होता. लागवड करायची ती भरावाच्या पायथ्यापलीकडे, विभागाच्या हद्दीच्या कडेला, आणि ती जांभूळ, करंज, अर्जुन, उंबर अशा इथल्या झाडांची. घाणेरी आणि बेशरम मात्र आजच उपटायला हरकत नाही.

असाच विचार नांदूरमध्यमेश्वरलाही करता येईल. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या या पाणथळीला २०२० मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तो मिळवणारी ती महाराष्ट्रातली पहिली जागा. हिवाळ्यात तिथे शेकडो मोटारी जातात आणि पक्षी पाहायला आलेली माणसे आधी धूळ पाहतात. चापडगाव-खाणगाव थडीच्या बाजूला मोटारी लांब थांबवून पुढे पायी किंवा सायकलीनेच जाण्याची व्यवस्था झाली तर पक्ष्यांना आणि माणसांना दोघांनाही बरे. तो विषय वनविभागाचा असल्याने इथे अधिक लिहीत नाही.

नाशिकला सायकलीचे वेड नवे नाही. येथल्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी तीन हजार मैलांची सायकल शर्यत पूर्ण करून भारतीय संघ म्हणून पहिला मान मिळवला, तेव्हा सगळ्या शहराची छाती फुगली होती. त्याच शहरात एखाद्या आजीला नातीबरोबर चार मैल निर्धास्तपणे जाता येईल अशी एक वाट असू नये, हे मला खटकते. चालण्याचेही तसेच आहे. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी, पौषात निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात सप्तशृंगगडाकडे निघालेले खानदेशचे पदयात्री, एवढे पायी चालणारे लोक ज्या जिल्ह्यात आहेत तिथे पायी चालणाऱ्याची जागा मोटारींच्या रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर आहे.

जलसंपदा विभाग, महापालिका आणि कालव्यालगतच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून धरणाच्या पायथ्यापासून म्हसरूळपर्यंतचा एवढाच तुकडा एका हिवाळ्यापुरता प्रायोगिक म्हणून जाहीर करावा, त्याआधी बागायतदारांची बैठक गावातच घ्यावी, आणि शहराच्या विकास आराखड्यात ही पट्टी वाहनांच्या रस्त्यात बदलू नये अशी नोंद करून घ्यावी, ही माझी विनंती आहे. पाहणीसाठी कुणी अधिकारी किंवा आपले वार्ताहर येणार असतील तर मी सकाळी साडेसहाला मखमलाबादच्या मोरीपाशी उभा राहीन. बूट वगैरे लागत नाहीत, साध्या चपलेवर काम भागते.

आपला नम्र,
एक निवृत्त कालवा निरीक्षक,
मखमलाबाद, नाशिक